गोधड्या कुठे ठेवू? भाड्याचं घर, बजेट १५०० रुपये

डोंबिवलीत भाड्याचा वन बीएचके, माणसं चार. घरमालक भिंतीला खिळाही मारू देत नाहीत, त्यामुळे फळ्या बाद. रद्दी दर महिन्याला जाते, जुने कपडे बोहारणीला दिले. आता अडलंय ते पाहुण्यांच्या अंथरुणांपाशी: सहा गोधड्या, दोन कापसाच्या गाद्या. माळ्यावर प्लास्टिकमध्ये घट्ट बांधल्या होत्या, तर पावसाळ्यात आतून ओल धरली. आईने तिच्या नऊवारीची शिवलेली गोधडी उघडली तर काठावर काळे ठिपके. फार जीव तुटला. ती काही झालं तरी टाकणार नाही. दिवाण परवडत नाही.

हवा काढायच्या व्हॅक्यूम पिशव्या सुती गोधड्यांना चालतात का, की जुन्या साडीत बांधून कडुलिंबाचा पाला घालणंच बरं? आणि रंग न जाता ते ठिपके कशाने निघतील?