शब्दचर्चा : अडवणाऱ्यालाही 'संप्रेरक' म्हणायचं?

राजारामपुरीतून प्रश्न : मुलीचा बीजांकुरणाचा धडा घेताना अडलोय. जिबरेलिन हे वनस्पतीतलं संप्रेरक (हार्मोन) आणि अॅब्सिसिक आम्लही संप्रेरकच. पहिलं दाण्याला उगवायला लावतं, दुसरं धरून ठेवतं. अडवणारा 'प्रेरक' कसा? शिवाय 'जनुकाची अभिव्यक्ती' म्हटलं की पोरीला कविसंमेलन आठवतं.

उत्तर : 'सम् + प्र + ईर्', म्हणजे चालना देणं. 'हार्मोन'चा ग्रीक अर्थही तोच. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ स्टार्लिंगनं 1905 मध्ये तो शब्द प्राण्यांच्या शरीरातल्या रसायनांसाठी आणला. त्यामुळं खोट भाषांतरात नाही, मुळातच आहे. काम बघितलं तर 'निरोप्या' जास्त जवळचा. 'ये' हाही निरोप, 'थांब' हाही.

'अभिव्यक्ती'ऐवजी मी 'जनुक वाचलं जाणं' म्हणतो, म्हणजे जनुकातली कृती वाचून पेशीनं प्रथिन तयार करणं. सातूचा दाणा भिजला की गर्भाकडून जिबरेलिन सालीखालच्या अॅल्युरोन थरात जातं. तिथं डेला नावाची प्रथिनं जनुकांना दाबून बसलेली असतात. ती मोडली जातात, अमायलेजचं जनुक वाचलं जातं, ते विकर (एन्झाइम) तयार होतं आणि आतल्या पिठाची साखर होते. अॅब्सिसिक आम्ल असलं की हे वाचन थांबतं. गर्भ काढून टाकलेल्या अर्ध्या दाण्याला वरून जिबरेलिन दिलं तरी पीठ विरघळतं, हे 1960 मध्येच दिसलं होतं. म्हणजे हुकूम गर्भाचा, राबणारा थर वेगळा!

गगनबावड्याहून : आमच्याकडं कापणीच्या तोंडावर भात लोळलं आणि पाऊस लागून राहिला की लोंबीतच कोंब फुटतात. तिथं तुमचा 'थांब'वाला निरोप्या कमी पडला म्हणायचं. बाकी शब्द बघा : मटकीला मोड 'आणतात', बटाट्याला कोंब 'फुटतात'. हवं ते आणायचं, नको ते फुटतं. 'अंकुर' तेवढा पुस्तकात.

शाहूपुरीहून : मोडाच्या नाचणीचं सत्व बाळाच्या पेजेत घातलं की पेज पातळ राहते. आई म्हणायची, 'मोडानं पीठ मऊ पडतंय.' हेच ते अमायलेज की काय?

उत्तर : तेच. पिठाच्या लांब साखळ्या ते तोडतं.

राजारामपुरी : मोड आलेला गहू पोरीला चावायला दिला. गोड लागला म्हणाली. वहीत तिनं 'निरोप्या' लिहिलंय. पेपरात मात्र 'संप्रेरक'च लिही म्हणून सांगितलंय, मार्क जातील.