मान कलती, सकाळी उलटी: मेंदूचा विचार करावा का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): पुतणी ३ वर्षांची. तीन आठवडे मान उजवीकडं कलती धरते. उठल्या उठल्या उलटी, मग दिवसभर खेळते. ताप, जुलाब नाहीत. पित्ताचं औषध चालू आहे.

उत्तर १: ताई, करावाच, आणि उद्याच दाखवा. मेंदूत गाठ असेल तर रात्रभर आडवं झोपल्यावर कवटीतला दाब वाढतो, म्हणून उलटी सकाळी होते. या वयात गाठ बरेचदा लहान मेंदूच्या भागात असते, त्यानंही मान कलते. लचक समजून मानेला मालीश अजिबात नको.

उत्तर २: डॉक्टरांना सरळ विचारा, "एमआरआय लागेल का?" डोळ्याचा पडदा तपासून घ्या (कवटीतल्या दाबानं तिथं सूज दिसू शकते), पण तो नॉर्मल आला म्हणून गाठ नाही असं ठरत नाही. नवा तिरळेपणा, चालताना तोल जाणं, अचानक वाढलेली तहान-लघवी हेही सांगा. याहून लहान, टाळू न भरलेल्या बाळात असा दाब वाढला तर डोक्याचा घेर भराभर वाढतो. तिथं फितीनं मोजून तक्त्यावर मांडतात.

उत्तर ३: एमआरआयला या वयात बहुधा भूल लागते. दूध-खाणं ६ तास आधी बंद. पाण्याचं भूलतज्ज्ञांना विचारा. सर्दी-खोकला लपवू नका. मूल पेंगुळलं, झटका (फिट) आला, तर एमआरआयच्या तारखेची वाट न बघता थेट सीपीआरचा (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचा) अपघात विभाग गाठा. अशा वेळी आधी सीटी स्कॅन करतात, ते मिनिटांत होतं.