मदत हवी आहे: कंपाऊंड धनुष्याची स्ट्रिंग (प्रत्यंचा) आणि बाण टेकवायचा रेस्ट एकदमच बदलले, आता दोष कुठे शोधू?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. आधी तिरंदाजीतल्या इंडियन राउंडला बांबूचं धनुष्य घेऊन खेळायची. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले, ते तिने मोबाइलवर पाहिलं आणि कंपाऊंडचा ध्यास घेतला. गेल्या वर्षी वापरलेलं, पण चांगल्या स्थितीतलं दोन कॅमचं (वर-खाली टोकाला फिरणारं चाक असलेलं) धनुष्य घेऊन दिलं. ओढायचा जोर ४४ पाउंड, ड्रॉ लेंग्थ २६ इंच.

मूळ स्ट्रिंग कॅमजवळ पिंजली होती आणि सर्व्हिंग (तिच्यावर गुंडाळलेला संरक्षक दोरा) सरकलं होतं. म्हणून दोन महिन्यांपूर्वी स्ट्रिंग आणि केबलचा (कॅमना जोडणाऱ्या दोऱ्यांचा) नवा सेट बसवून घेतला. वाऱ्यात ब्लेडवरून बाण घरंगळायचा, म्हणून त्याच फेरीत ब्लेड रेस्ट (पातळ पट्टीचा) काढून केबलवर चालणारा ड्रॉप-अवे (बाण सुटताच खाली पडणारा रेस्ट) बसवला. बो प्रेस (धनुष्य दाबून स्ट्रिंग सैल करायचं यंत्र) असलेलं दुकान आमच्यापासून चार तासांवर आहे, त्यामुळे दोन्ही कामं एकाच दिवशी उरकली. आता बिघाड कशामुळे झाला तेच कळत नाही.

पूर्ण ओढल्यावर पीप (स्ट्रिंगमधलं नेम धरायचं छिद्र) सरळ उघडत नाही, अर्धवट वळलेला राहतो. दर दोन-तीन दिवसांनी साइट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) हलवावी लागते. कागदावर मारून पाहिलं तर फाटा उभा येतो, नॉकची (बाणाच्या मागच्या टोकाची) बाजू वर. मी रेस्ट थोडा उचलला, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. ५० मीटरवर ७२ बाणांत ती ६७० गुणांच्या आसपास मारायची, आता ६४० होतात. बाकी बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात असताना मधूनच एक थेट बाहेरच्या निळ्यात जातो. तिला वाटतं आपलाच हात बिघडला. मला तसं वाटत नाही, आणि तिचा आत्मविश्वास जाण्याआधी हे निस्तरायचं आहे.

स्ट्रिंग कोणत्या मटेरियलची घ्यावी? आणि पुन्हा ब्लेडवर जावं का?

प्रतिसाद १

दादा, आधी तिला सांगा की हात ठीक आहे. दोन महिन्यांनंतरही पीप वळतोय आणि साइट हलतेय म्हणजे धागा अजून लांबतोय. नीट ताणून बनवलेली स्ट्रिंग शंभर-दोनशे बाणांत बसते. ४५२एक्स नावाच्या स्ट्रिंगच्या धाग्यात डायनिमा या तंतूसोबत व्हेक्ट्रान हा तंतू असतो, तो हे लांबणं रोखतो. नुसत्या डायनिमाची स्ट्रिंग थोडा वेग देते, पण हळूहळू वाढत राहते. टार्गेटसाठी मी डोळे झाकून पहिलीच घेईन. मात्र मटेरियल चांगलं असून बनवणाऱ्याने ताण दिला नसेल तर उपयोग नाही, तेव्हा ते विचारून घ्या.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या रेस्टची दोरी केबलला बांधलेली आहे. केबल लांबली की रेस्ट वर येण्याची वेळही बदलते. म्हणजे तुम्ही दोन वेगळे दोष शोधताय, पण मूळ एकच असू शकतं. उभा फाटा दिसला की रेस्टला हात लावण्याआधी कॅम पाहायचे. तिला सावकाश पूर्ण ओढायला सांगा, तुम्ही बाजूला उभे राहा. वरचा आणि खालचा ड्रॉ स्टॉप (ओढ थांबवणारी कॅमवरची खुंटी) एकाच वेळी टेकतात का? एक आधी टेकत असेल तर टायमिंग गेलंय, ते केबलला पीळ देऊन किंवा सोडून जुळतं. हे प्रेसवरच करायचं, घरी केबल सोडायचा प्रयत्न कृपा करून करू नका.

निळ्यात जाणाऱ्या बाणासाठी त्याच्या पिसांना टाल्कम पावडर लावून मारा आणि रेस्टवर माग उमटतो का बघा.

प्रतिसाद २

वरच्या सरांशी सहमत, फक्त रेस्टबद्दल माझं मत वेगळं आहे. ब्लेडमध्ये हलणारा भाग नाही, त्यामुळे बिघडायलाही काही नाही. बाण घरंगळत होता तर ब्लेड तिच्या शाफ्टसाठी (बाणाच्या दांड्यासाठी) अरुंद होतं का ते पाहायला हवं होतं. ड्रॉप-अवेच ठेवायचा असेल तर दोरी केबलऐवजी लिंबला (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्याला) बांधायचा प्रकार घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज संध्याकाळी पाहिलं. वरचा स्टॉप स्पष्टपणे आधी टेकतो, खालचा जवळपास बोटभर मागे असतो. रेस्टही शेवटपर्यंत पूर्ण उभा राहत नाही. पावडरचा माग रेस्टच्या डाव्या दांडीवर सापडला. मुलीला दाखवलं तेव्हा तिने ती दांडी बराच वेळ हातात धरून पाहिली, मग म्हणाली, "म्हणजे मी रिलीज बरोबरच करत होते."

रविवारी प्रेसवर जातोय. जाण्याआधी एकच विचारतो: स्ट्रिंग बदलताना केबलही ४५२एक्सच्याच घ्याव्यात ना, की आहेत त्यांनाच पीळ देऊन भागेल?