शब्दचर्चा: रिळाचा ‘नंबर’ म्हणजे माप, आकार की नुसतं नाव?

काठावरचा:
मंडळी, प्रश्न शब्दाचाच आहे, पण त्यात माझे पैसे गेलेत, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

हलक्या ल्यूरनं, म्हणजे पत्र्याच्या नाहीतर रबराच्या नकली माशानं, मासे धरायचा नाद लागलाय. साडेसहा फुटांची लवचिक काठी आहे, पाच ग्रॅमचे स्पिनर (पाण्यात गरगर फिरणारे ल्यूर) आहेत आणि हिप्परग्याचा तलाव जवळ आहे. राहिलं होतं काठीला लावून दोरा गुंडाळायचं रीळ. ते फोनवरून बाहेरगावाहून मागवलं. दुकानदारानं विचारलं, “कुठला नंबर पाठवू? १०००, २५००, ४०००?” आता मी सोलापूरचा, घरात माग होता. आमच्याकडे नंबर म्हटलं की सुताचा नंबर. वीस नंबरचं सूत जाड, साठ नंबरचं बारीक. नंबर जितका मोठा तितका माल नाजूक. मला नाजूक काम करायचं होतं, म्हणून छातीठोकपणे सांगितलं, “४००० द्या.”

हसून झालं असेल तर पुढं वाचा. खोक्यातून जे निघालं ते काठीला लावलं आणि काठीचा सगळा भार मुठीकडं, रिळाच्या बाजूला गेला. पहिल्याच फेकीला दोरा सुरुवातीच्या कड्यांत अडखळला आणि स्पिनर दहा पावलांवर पडला. शेजारी म्हशी धुणारा पोरगा म्हणाला, “काय करलालास बे? दगड मार, लांब जाईल.”

तर विचारायचं असं, की या ‘नंबर’ला मराठीत माप म्हणायचं की आकार? तो आकडा नक्की मोजतो काय? आणि ज्या रिळात दोऱ्याची गुंडाळी जागची हलत नाही त्याला ‘स्पिनिंग’ कशाला म्हणतात? आमच्या गावात स्पिनिंग म्हणजे सूतगिरणी. जुन्या मिलचं पाटीवरचं नावसुद्धा ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’ होतं.

मागवाला:
तुमचा घोटाळा समजण्यासारखा आहे. सुताचा नंबर हे खरंखुरं मोजमाप आहे. ८४० यार्डांची एक लडी, अशा एका पौंडात जितक्या लड्या बसतील तो त्या सुताचा नंबर. सूत बारीक असेल तर लड्या जास्त बसतात, म्हणून आकडा वाढतो. डेनिअरचं बरोबर उलटं. ९००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम, ते डेनिअर. तिथं आकडा वाढला की धागा जाडच होणार. एकाच पेठेत दोन्ही हिशेब चालतात आणि नवीन पोरं त्यात गटांगळ्या खातातच.

रिळाचं मला माहीत नाही. पण ‘४०००’ कशाचे, हे कुणी सांगितलं नाही तर त्याला माप म्हणू नये. ४००० ग्रॅम? ४००० मीटर? मापाला एकक लागतं.

उजनीकर:
नेमकं बोललात. त्या आकड्याला एकक नाहीच. शर्टावर एल, एक्सएल असतं, तसला हा प्रकार. एका कंपनीचा एल दुसरीच्या एमएवढा निघतो. दायवा आणि शिमानो या रिळांच्या दोन कंपन्या; दायवाचं जुनं २००० साधारण शिमानोच्या २५०० एवढं असायचं. २०१८ पासून दायवानं एलटी नावाची रिळं आणली आणि आकडे बरेचसे शिमानोच्या जवळ नेले. त्यामुळं जुनं-नवं शेजारी ठेवलं की माणूस गोंधळतो. काही कंपन्या शेवटची दोन शून्यं गाळून २०, ३०, ४० लिहितात. आकड्यावरून कळतं ते एवढंच, की एका कंपनीच्या एका मालिकेत मोठा आकडा म्हणजे मोठी गुंडाळी, जास्त दोरा आणि बहुतेक वेळा जास्त वजन.

बरं, आकड्याला चिकटलेली अक्षरं आकड्यापेक्षा जास्त बोलतात. शिमानोचं ‘सी ३०००’ म्हणजे अंग २५०० चं आणि गुंडाळी ३००० ची. मागं ‘एस’ असेल तर गुंडाळी उथळ, म्हणजे बारीक दोरा मोजकाच भरायचा. ‘एचजी’ म्हणजे दात्यांचं गुणोत्तर मोठं, मूठ एकदा फिरवली की दोरा जास्त आत येतो. साध्या २५०० ला एका फेऱ्यात पाऊण मीटरच्या आसपास येतो. चिलापीला स्पिनर सावकाश ओढायचा, त्याला तेवढं पुरतं.

आता तुमचं काम. तीन ते दहा ग्रॅमची ल्यूर आणि साडेसहा-सात फुटांची काठी असेल तर २००० किंवा २५०० घ्या, उथळ गुंडाळीचं. एक-दोन ग्रॅमचे जिग (शिसं लावलेले छोटे गळ) आणि साडेपाच फुटांची काडी असेल तरच १००० कडे बघा. ४००० विकू नका, ठेवा. पाणवनस्पतीत मरळीला रबरी बेडूक टाकायचा तर तिथं तेच लागतं, वर तीस पौंडांचा विणलेला दोरा. आणि हो, मासेमारीचा ठेका दिलेलं पाणी असेल तर आधी विचारून टाका. नंतरची भांडणं फार बघितलीत.

ऱ्हस्वदीर्घ:
माशातलं कळत नाही, शब्दाचं बोलते. मूळ धाग्यात ‘रीळ’ आणि ‘रिळाचा’ दोन्ही बरोबर लिहिलंय, त्याबद्दल आभार. हल्ली ‘रीळाचा’ फार दिसतं. गंमत म्हणजे हा एकच इंग्रजी शब्द आपण दोनदा उसना घेतलाय. शिंप्याकडं आणि सिनेमाच्या थेटरात आला तेव्हा त्याला ळ लावून घरचा केला: ते रीळ, ती रिळं. मोबाइलवर आला तेव्हा तो ‘रील’ राहिला आणि स्त्रीलिंगी झाला: ती रील. मासेवाल्यांनी ‘रीळ’ म्हणावं असं माझं मत. दोरा गुंडाळायची वस्तू आहे, ळ तिचा हक्काचा.

आणि ल्यूरला कुणी ‘कृत्रिम आमिष’ लिहीत असेल तर एक लक्षात घ्या. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. सामिष, निरामिष तिथूनच आलेत. पत्र्याचा नाहीतर रबराचा मासा म्हणजे निरामिष आमिष झालं!

उजनीकर:
ताई, हे आमच्या गटात आजच सांगतो. श्रावणात उपयोगी पडेल.

पतंगबाज:
स्पिनिंग रिळाला ‘फिरकी’ का म्हणू नये? छोटा, गोड शब्द आहे. नाशिककडं पतंगाच्या मांज्याची ती ‘आसारी’, तोही चालेल.

मागवाला:
आसारी नाही चालणार. ती स्वतः गरगर फिरते तेव्हा मांजा सुटतो. या यंत्रात गुंडाळी स्थिर असते, असं मूळ प्रश्नातच आहे. दोरा सुटताना गुंडाळीच्या तोंडावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी निघतो आणि परत येताना तिच्याभोवतीची कमान फिरते, बरोबर ना?

मग याला सोलापुरात शब्द शोधायचीच गरज नाही. ही आमची धोट्यातली कांडी आहे! धोटा मागावर इकडून तिकडं पळतो, पण आतली कांडी फिरत नाही. सूत तिच्या टोकावरून ओढलं जातं. कांडी फिरायला लागली तर झटक्यानं सूत तुटेल.

आता तुमच्या ‘स्पिनिंग’चं. हे स्थिर गुंडाळीचं रीळ १९०५ मध्ये इंग्लंडात आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी पेटंट केलं. ते ब्रॅडफर्डचे, लोकरीच्या गिरण्यांच्या धंद्यातले, आणि कल्पना सुचली ती गिरणीतल्या बॉबिनवरून सूत सुटताना बघून. पण नावातलं ‘स्पिनिंग’ गिरणीतून आलेलं नाही. पाण्यात गरगर फिरणारं आमिष ओढून मासा धरण्याला तिकडं आधीपासून स्पिनिंग म्हणत. त्या कामाचं रीळ ते स्पिनिंग रीळ. म्हणजे वस्तू आली गिरणीतून आणि नाव आलं पाण्यातून. मला तर ‘कांडी’च आवडेल. ‘फिरकी’ त्या स्पिनरला द्या, फिरतो तो.

काठावरचा:
हे वाचून आत्याकडं गेलो. तिनं पंचवीस वर्षं कांड्या भरल्यात. ४००० तिच्या हातात दिलं. तिनं अंगठ्यानं गुंडाळीची कड चाचपली आणि म्हणाली, “अर्धीच भरलीस की रे. सूत कडेला घासतंय.” खरंच होतं. गुंडाळी खोल आणि माझ्याकडं शंभर मीटर दोरा, त्यामुळं तो कडेच्या बोटभर खाली राहिला होता. शिवाय ढिला भरलेला. दाबून बघितलं तर कापसासारखा. “ढिली कांडी झोंब्यानं सुटती,” हे तिचं दुसरं वाक्य.

दुसऱ्या दिवशी मित्राचं २५०० उसनं आणलं, उथळ गुंडाळीचं. दोरा बदलला, पीई ०.८ (पीई म्हणजे विणलेल्या दोऱ्याच्या जाडीचा आकडा). (मागवाला काकांसाठी: पीई १ म्हणजे २०० डेनिअर, तर हा १६० झाला. शेवटी तुमच्याच पेठेतला हिशेब निघाला.) आत्यानं ओलं फडकं चिमटीत धरून दोऱ्याला ताण दिला, मी मूठ फिरवली. कडेपासून दीडेक मिलिमीटर खाली थांबलो. तोच पाच ग्रॅमचा स्पिनर, तीच काठी, आणि स्पिनर त्या म्हशीवाल्या पोराच्या दगडाच्या पुढं पडला. काठी आता रिळाच्या बाजूला झुकत नाही, मुठीच्या थोडी पुढं बोटावर तोललेली राहते.

ड्रॅगचं, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरा सुटू देणाऱ्या रिळाच्या ब्रेकचं, एक विचारायचं राहिलं. खोक्यावर ‘कमाल ४ किलो’ लिहिलंय. कमी नाही ना पडणार?

उजनीकर:
भरपूर आहे. समजा दोरा सहा पौंडांचा असेल, तर तो पावणेतीन किलोच्या आत-बाहेर तुटणार. ड्रॅग लावायचा त्याच्या पाव ते एकतृतीयांश, म्हणजे ७०० ते ९०० ग्रॅम. तसला दोरा लावून ४ किलोपर्यंत पिळलात तर आधी दोराच जाईल. हुकाचा वजनकाटा असेल तर त्यानं ओढून एकदा बघा. हाताचा अंदाज आला की मग काटा लागत नाही.

ऱ्हस्वदीर्घ:
आणि ‘ड्रॅग’ला?

मागवाला:
ताण. मागावर पण तोच शब्द.

काठावरचा:
मग आमच्या घरापुरतं ठरलं: कांडी, ताण आणि नंबर. नंबरला माप म्हणणार नाही. ४००० मरळीसाठी ठेवलंय. तेही भरून दे म्हटलं, तर आत्या विचारते, “कांडीमागं मजुरी काय देणार, ते आधी सांग.”