मिनिकॉयच्या वाळूत भाजीपाला: मेथी पिवळी का पडते, आणि पावसाळ्यात जहाज नसताना खायचं काय?

मिनिकॉयची_पाहुणी

नमस्कार मंडळी. यजमान हवामान खात्यात आहेत. त्यांची बदली लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरच्या वेधशाळेत झाली आणि मी साताऱ्याची बाई थेट समुद्राच्या मधोमध येऊन पडले. बेट सुंदर आहे, माणसं त्याहून चांगली. तक्रार फक्त भाजीची.

इथे भाजी म्हणजे जहाज. कोचीहून जहाज लागलं की दुकानात कोबी, गाजर, टोमॅटो दिसतात. दोन दिवसांनी उरतात कांदे-बटाटे, आणि त्यानंतर नुसते कांदे. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र खवळलेला, तेव्हा जहाजाचा भरवसा आणखी कमी. रेशनचा तांदूळ मिळतो, मासळी ताजी आणि उत्तम, नारळ तर पायात येतात. पण हिरवं पान दिसलं की डोळे भरून येतात अशी अवस्था.

क्वार्टरच्या मागे दीडएक गुंठा जागा आहे. साताऱ्याहून आणलेली मेथी आणि कोथिंबीर पेरली. उगवली छान, आणि बोटभर झाल्यावर पिवळी पडत गेली. पर्माकल्चरचे, म्हणजे निसर्गाच्या कलानं केलेल्या शेतीचे, व्हिडिओ बघते तर प्रत्येकाच्या हातात ओली काळी माती. माझ्या हातात पांढरी वाळू, मूठ उघडली की गळून जाणारी. विहीर आहे, पण मार्च-एप्रिलमध्ये पाणी मचूळ लागतं.

शेजारणींनाही रस आहे. पुरुष मंडळी निम्मी जहाजांवर नोकरीला, त्यामुळे गावातल्या बऱ्याच गोष्टी इथे बायकाच हातात घेतात. त्या महल भाषा बोलतात आणि माझी गाडी हातवाऱ्यांवर चालते, पण खोदायला कुणाची ना नाही. एखाद्या घरापुरतं नको, गावानं मिळून करता येईल असं काही आहे का? कोणी कोकणातले, अंदमानातले, बेटांवर राहिलेले असाल तर सांगा.

आकडेमोड

ताई, उत्साह मोडायचा नाही, पण आधी हिशेब मांडू. मिनिकॉयचं क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरहून कमी, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या दहा हजारांवर. डोई साधारण साडेचार गुंठे पडतात. त्यात घरं, रस्ते, मशिदी, शाळा, दीपगृह आणि माड. तांदळाचं नावच नको, वाळूत पाणी उभं राहत नाही. त्यामुळे ‘अन्न स्वावलंबन’ वगैरे शब्द बाजूला ठेवा.

फार तर हायड्रोपोनिक्स करा. मातीची भानगडच नाही. पाईपमध्ये लेट्यूस उत्तम येतं.

बाबल_बांदा

आकडेमोड साहेबांचा हिशेब बरोबर आहे, शेवटची ओळ सोडून. लक्षद्वीपची बरीचशी वीज डिझेलवर, आणि डिझेल येतं जहाजानं. त्या पाईपात घालायची खतंही जहाजानं. म्हणजे कोबीऐवजी बॅरल मागवायचे, एवढाच फरक. आणि लेट्यूस खाऊन पावसाळा काढणारा माणूस मी अजून बघितला नाही.

मी टेलिफोन खात्यात होतो, नोकरीची बरीच वर्षं कवरत्तीला गेली. आता बांद्याला घरी असतो. ताई, जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

तुमच्या मेथीला रोग नाही, ती उपाशी आहे. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असंच दिसतं ना? तिला लोह मिळत नाही. तुमच्या पायाखाली आहे तो पोवळ्यांचा भुगा, म्हणजे चुनाच. सामू (pH) आठाच्या वर. अशा जागी लोह, जस्त, मँगनीज थोडंफार असलं तरी मुळांच्या हाती लागत नाही. म्हणून गंजके खिळे पुरायचा सल्ला कोणी दिलाच तर हसून सोडून द्या. आणि चुलीतली राख! आपल्याकडे म्हातारी माणसं भाजीच्या आळ्यात मूठभर राख टाकतात, ती कोकणच्या तांबड्या आंबट मातीला मानवते. तिथे ती चुन्यावर चुना. अंड्याची टरफलंसुद्धा नकोत.

उपाय म्हणजे कुजलेला पालापाचोळा, आणि तो भरमसाट. कुजताना सुटणारी आम्लं लोह मुळांपर्यंत पोचवतात आणि वाळूला पाणी धरून ठेवायला काहीतरी मिळतं. नुसता वरून पसरलात तर त्या उन्हात बघता बघता विरून जातो. त्यापेक्षा खड्डा करा.

दीड-दोन हात खोल, पण चांगला ऐसपैस. त्याखाली जाऊ नका, बेटावर पाणी फार वर असतं. तळाला नारळाची सोडणं लावा, पोकळ बाजू वर करून, म्हणजे प्रत्येकात थोडं थोडं पाणी राहतं. असे दोन थर. त्यावर कोयत्यानं बारीक केलेल्या झावळ्या. आता खरी गंमत. सोडणं आणि झावळ्या एकट्या कुजायला लागल्या तर वर्षं जातात, कारण त्यांत नत्र नसल्यातच जमा. नत्र आहे मासळीत. मिनिकॉयला मासमीन करतात, कुपा (टूना) उकडून, धुरी देऊन, उन्हात कडक वाळवून. त्याची डोकी, आतडी, काटे मागा. तो थर द्या, वर वीतभर ओला पाला, वर वाळू, आणि वाळूवर पोवळ्याचे दगड गच्च. दगड विसरलात तर बेटावरची सगळी मांजरं तुमच्या अंगणात वस्तीला येतील. किनाऱ्यावर वाहून येणारं समुद्री गवतही चांगलं, फक्त आधी दोन-तीन पाऊस त्यावर पडू द्या, मीठ निघून जाईल.

हे मे महिन्याच्या सुरुवातीला भरलंत तर पावसात मुरेल आणि अर्ध्यानं खाली बसेल. परत भरा. पाऊस ओसरताना लावणी.

आणि ही काही माझी अक्कल नव्हे. पॅसिफिकमध्ये किरिबाटी म्हणून देश आहे, सगळी अशीच पोवळ्यांची बेटं. तिथे बाबाई नावाचं प्रचंड अळू पिढ्यान्‌पिढ्या खड्ड्यांत वाढवतात. खड्डा गोड्या पाण्यापर्यंत नेतात, रोपाभोवती पानांचा करंडा विणतात आणि त्यात पाला भरत राहतात. एवढ्या लांब कशाला, तुमच्या दक्षिणेला मालदीव आहे. तिथल्या अड्डू आणि फुवामुला बेटांवर अळूची खाचरं आहेत. महल आणि मालदीवची धिवेही एकच भाषा, तेव्हा म्हाताऱ्या बायकांना अळूबद्दल विचारून बघा. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आता पाणी. बेटाच्या पोटात गोडं पाणी साठतं ते पावसाचं, आणि ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. हलकं असतं म्हणून. मोटर लावून एकाच विहिरीतून भराभर उपसलंत की खालून खारं वर चढतं, तुमचं मार्च-एप्रिलचं मचूळ पाणी म्हणजे तेच. पोहऱ्यानं काढा, थोडं थोडं. रासायनिक खत टाकायचा विचारही नको: वाळूतून ते दुसऱ्या दिवशी विहिरीत असतं, आणि तेच पाणी शेजारी वापरतात. डिसेंबर २०२० मध्ये अख्खा लक्षद्वीप सेंद्रिय जाहीर झाला, तो कोणा साहेबाच्या हौसेपेक्षा या कारणानं मला जास्त पटतो. खड्डा संडासच्या शोषखड्ड्यापासून लांब घ्या, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

मोरीचं पाणी मात्र वाया घालवू नका. आपल्याकडे मोरीच्या सांडपाण्यावर अळू असतं ना, तसंच. साबणाचं फार नको.

छपराचं पाणी तर यजमानांनाच विचारा. मिनिकॉयला वर्षाला सोळाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चाळीस चौरस मीटरच्या पत्र्यावर तो साठ हजार लिटरच्या वर होतो. जानेवारी ते एप्रिल कोरडे, तेव्हा त्यातलं थोडं जरी टाकीत असलं तरी विहिरीला विश्रांती.

राहिला मूळ प्रश्न. तांदूळ जहाजानंच येणार, त्याचं दुःख करू नका. आमच्या कोकणातही बऱ्याच गोष्टी घाटावरूनच यायच्या की. जहाज दोन आठवडे आलं नाही तरी ताटात तांदूळ-मासळीशिवाय काहीतरी असावं, एवढंच बघायचं. म्हणजे पालेभाजीच्या मागे कमी लागा आणि जमिनीत थांबणाऱ्या गोष्टी लावा. रताळी, अळकुड्या, सुरण. लाल भोपळा, जो काढून फडताळात ठेवला की महिनोन् महिने बघत बसतो. केळ. आणि नीरफणस (ब्रेडफ्रूट)! एक झाड चार घरांना पुरतं. काप करून, तिखट-मीठ-रवा लावून तव्यावर. कवरत्तीला मी ते खाऊन दिवस काढलेत आणि कोणाची दया घेतली नाही. पाल्याला शेवगा. त्याच्यासारखं इमानी झाड नाही, दोन फांद्या रोवा आणि विसरा.

श्रीवर्धनची_वाडी

बाबलकाका, नीरफणसाच्या कापांना दंडवत.

ताई, आमची सुपारीची वाडी आहे, समुद्राला लागून. माती तुमच्याइतकी वाईट नाही, पण रेतीच. दोन गोष्टी सांगते.

पहिली विहिरीची. वडील सांगायचे, रहाट होते तोवर आमच्या आळीतल्या विहिरी गोड होत्या. मोटरी आल्या आणि समुद्राकडच्या वाड्यांचं पाणी बदललं. आम्ही आता सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ असं काढतो, सलग नाही.

दुसरी निसर्ग वादळाची. ३ जून २०२०. माड, पोफळी, जायफळ, सगळं आडवं. दुपारनंतर वाडीतून आकाश दिसत होतं, जे माझ्या जन्मात दिसलं नव्हतं. पोफळ परत धरायला सात-आठ वर्षं लागतात. पण जमिनीलगतचं सगळं जगलं. हळद, अळू, सुरण आणि मोडलेल्या केळींच्या बुंध्यातून कोंब. त्या पावसाळ्यात लाईट नाही, रस्ता नाही, आणि आम्ही मुख्यतः तेच खाल्लं. तुमच्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ आलं होतं, मिनिकॉय आणि कल्पेनीला फार नुकसान झालं होतं. तेव्हा काय उरलं होतं ते शेजारणींना विचारा आणि ते आधी लावा. वाऱ्याच्या बाजूला केवडा, किनाऱ्यावरच्या भेंडीची मोठी झाडं (भाजीची भेंडी नव्हे) असतील तर ती अजिबात तोडू देऊ नका. खारा वारा तीच अडवतात, त्यांच्या आडोशालाच भाजी होते.

जाता जाता, आमच्या वाडीत चंद्रकल्पा जातीचे माड आहेत. मूळचे तुमच्याकडचे, लक्षद्वीप ऑर्डिनरी. तेव्हा कर्ज आहेच तुमच्या बेटांचं आमच्यावर.

आकडेमोड

डिझेलचा मुद्दा मान्य. पण बाबलकाका, एक खड्डा म्हणजे किती उत्पन्न? अंदाज तरी द्या.

बाबल_बांदा

किलोत मोजलं असतं तर खात्यानं मला टेलिफोनऐवजी शेतकी कचेरीत बसवलं असतं. कढईत मोजा. घरटी दोन खड्डे असले तर आठवड्यातले दोन-तीन दिवस भाजी विकत आणावी लागत नाही.

मिनिकॉयची_पाहुणी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. शेजारणींना बाबलकाकांचं उत्तर तोडक्यामोडक्या हिंदीत वाचून दाखवलं. राखेवर मोठा वाद झाला, कारण एक आजी वर्षानुवर्षं टाकते आणि तिची केळी चांगली आहेत! तिला काय सांगू?

सोडणांचा प्रश्न नाही, ढीग पडलेत. मासळीचं एका मासमीनवाल्या घराशी बोलणं झालंय. पण सगळ्यांना एकच भीती, वास. आणि उंदीर. इथे माडाच्या शेंड्यात उंदीर राहतात, कोवळे नारळ खाऊन टाकतात, त्यांना आणखी आमंत्रण नको.

दिवाळीत साताऱ्याला येणार आहे. परतताना तिथून काय आणावं? रोपं आणली तर चालतील का, की मातीची एखादी गोणीच आणू?

बाबल_बांदा

आजीला काही सांगू नका. केळीखाली ती आणखी काय काय टाकते ते बघून या, उत्तर तिथे असेल.

वास येतो तो मासळी उघडी राहिली तर. आणल्या दिवशीच पुरायची, रात्र काढायची नाही. बारीकसारीक उरलं तर झाकणाच्या पिंपात मासळीइतकाच गूळ घालून ठेवा, महिन्याभरात पातळ होतं. लिटरभर पाण्यात एखादा चमचा, पानांवर. त्याचा वास पिकलेल्या फणसासारखा येतो, मला आवडायचा, बायकोला नाही. उंदरांसाठी माडाच्या बुंध्याला पुरुषभर उंचीच्या वर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा मारा आणि शेजारच्या झावळ्या एकमेकींना टेकत असतील तर तोडा. नाहीतर पट्ट्याचा उपयोग शून्य, वरच्या वर जातात मेले.

माती नेऊ नका, रोपंही नको. २०१६ साली तामिळनाडू-केरळात माडावर ती नवी, गोल गोल चक्रात अंडी घालणारी पांढरी माशी दिसली आणि तिथून कुठे कुठे पोचली. रोपांच्या पानांखाली बसूनच हे पाहुणे जातात. बिया न्या, घरच्या, आणि नीट वाळवलेल्या. चवळी, अंबाडी, लाल माठ, मायाळू, लाल भोपळा, एखादी गावठी वांगी. मेथीचा हट्ट पहिलं वर्ष सोडा.

आणि एक चांगला कोयता न्या, आपल्याकडच्या लोहाराकडून करून घेतलेला. झावळ्या तोडताना दुकानातला हलका कोयता लगेच बोथट होतो.