दुसरीतला मुलगा अंदाजाने वाचतो आणि वाचनाच्या तासालाच वर्गात गोंधळ घालतो

पेठेतली_आई
मुलगा दुसरीत, सेमी इंग्लिश. मुळाक्षरं येतात, बाराखडी तोंडपाठ. पण वाचताना पहिलं अक्षर बघून शब्द ठोकून देतो. 'पाणी'चं 'पान', 'दिवस'चं 'दिवा'. जोडाक्षर आलं की गाडी अडलीच. पुस्तकातले धडे मात्र घडाघडा 'वाचतो', कारण ऐकून पाठ झालेत. बाईंची तक्रार अशी की सारखा जागेवरून उठतो, शेजारच्याची पेन्सिल ओढतो. गणिताच्या तासाला ही तक्रार नसते. दोन्हींचा संबंध असेल का? घरी काय करून घेऊ? शिकवणी लावू का?

फळा_खडू
संबंध असण्याची शक्यता बरीच आहे, पण आधी वाचन कुठे अडतंय ते शोधा. त्याने कधीच न पाहिलेला साधारण 60 शब्दांचा सोपा मजकूर घ्या. मोबाइलवर एक मिनिट लावा. चुकलेला शब्द तुमच्या प्रतीवर जसा वाचला तसा लिहा, मध्ये टोकू नका. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणित अभियानात दुसरीअखेर मिनिटाला 45 ते 60 शब्द ही अपेक्षा आहे, पण आकड्यापेक्षा चुकांची जात महत्त्वाची. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत (घ-ध, भ-म, थ-य, ब-व) गडबड होते, की वेलांटी-मात्रा सुटतात, की फक्त जोडाक्षरं? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिली वेलांटी मुलांना फार छळते, कारण ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारात नंतर. पुठ्ठ्याच्या पट्टीवर आपल्या कोल्हापुरातली नावं, 'मिरजकर तिकटी', 'बिंदू चौक', 'शिवाजी पेठ' लिहा, वेलांटी लाल स्केचपेनने. अंगठ्याने वेलांटी झाका, 'म' वाचू दे, अंगठा उचला, 'मि'. रोज पाच-सहा पट्ट्या बास.

दुसरी अडचण बाराखडी पाठ असलेल्या मुलांनाच जास्त येते. ती 'घ... र...' असं सुटं वाचतात आणि दोन सुट्या आवाजांतून शब्द ऐकूच येत नाही. मराठीत शेवटचा 'अ' बोलताना गळतो, 'घर' हा एकच ठोका आहे. म्हणून अक्षरं लांबवून जोडायला शिकवा, मध्ये न थांबता.

जोडाक्षरांसाठी वेगळं पुस्तक कशाला हवं? आपलं गावच जोडाक्षरी आहे! कोल्हापूर, पन्हाळा, महाद्वार, राजर्षी, लक्ष्मीपुरी, विद्यापीठ. केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, पाट्या वाचायला लावा. फक्त एक गोष्ट सांभाळा: 'महाद्वार', 'लक्ष्मी' म्हणताना जोडाक्षराआधीच्या अक्षरावर आघात येतो, 'कोल्हापूर', 'पन्हाळा', 'तुम्ही' यांत येत नाही. सगळीकडे सारखाच जोर द्यायला लावलं की मूल 'कोल्-ल्हापूर' म्हणतं आणि स्वतःच गोंधळतं. रफार शेवटी घ्या. 'राजर्षी'त तो 'षी'च्या डोक्यावर असतो आणि उच्चार 'षी'च्या आधी होतो, म्हणजे वेलांटीच्या बरोबर उलट.

गंगावेस_कट्टा
एवढं कशाला? रोज एक पान शुद्धलेखन काढायला लावा. आमच्या वेळी तेच होतं, सगळे शिकलेच की.

फळा_खडू
पाहून उतरवताना शब्द वाचावाच लागत नाही, आकार उतरवला तरी पान भरतं. अक्षर सुधारेल, वाचन सुधारेलच असं नाही. लिहायचंच असेल तर पाच शब्द ऐकून लिहू दे, त्यात आवाज आणि अक्षर जोडावं लागतं. आणि दंगा केला म्हणून दहा ओळी ही शिक्षा तर नकोच. लिहिण्याचाच कंटाळा बसतो.

समुपदेशन_कक्ष
वर्तनाबद्दल. बाईंना फक्त पाच दिवसांची नोंद मागा: कुठला तास, उठण्याच्या लगेच आधी काय चाललं होतं, उठल्यावर काय झालं. वाचनाची पाळी जवळ आली की उठतो, आणि उठला की बाहेर उभा राहतो किंवा पाळी टळते, असं दिसलं तर दंगा त्याच्या दृष्टीने कामाला येतोय. मग ओरडून तो थांबणार नाही, कारण ओरडा खाल्ला तरी वाचन चुकतंच.

बाईंना दोन विनंत्या करा. एक, उद्या कुठल्या चार ओळी वाचायच्या ते आदल्या दिवशी सांगा, म्हणजे घरी तयारी होते. दोन, दंगा झाला तरी पाळी रद्द करू नका, दोन मिनिटांनी एकच ओळ वाचून घ्या. बाकावर छोटं कार्ड ठेवा, त्यावर एकच गोष्ट: 'माझी पाळी येईपर्यंत जागेवर.' तास संपला की बाईंची टिक. सुरुवातीला पाचपैकी तीन टिका मिळाल्या तरी घरी शाबासकी, आणि तीही नेमकी: 'आज दुसऱ्या तासाला बसून राहिलास.' नुसतं 'शहाणा माझा' म्हटल्याने कशाबद्दल ते मुलाला कळत नाही. खेळाचा तास काढून घेऊ नका, चुळबुळ वाढते. मारणं आणि मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नेच बंद आहे.

डोळे आणि कान आधी तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नसलेलं मूलही शेजारच्या वहीत डोकावायला उठतं.

पेठेतली_आई
तपासणी याच आठवड्यात करते. वेळ किती द्यायचा? आणि मोबाइलवर गोष्टी वाचल्या तर चालेल का?

फळा_खडू
15 मिनिटं, पण रोज. तीन मिनिटं पट्ट्या. सात मिनिटं वाचन: एक ओळ तुम्ही, तीच ओळ तो, बोट शब्दाखाली. अडला तर मनात पाच मोजा, लगेच सांगू नका, चित्राकडेही बोट दाखवू नका. अंदाजाची सवय तिथूनच लागते. 'पाणी'चं 'पान' केलं तर 'चूक' म्हणण्याऐवजी 'दुसऱ्या अक्षराला काय लागलंय?' विचारा. तोच उतारा तीन-चार दिवस, मग नवा. उरलेली पाच मिनिटं तुम्ही त्याला गोष्ट वाचून दाखवा, त्याच्या पातळीच्या थोडी वरची.

पुस्तक निवडताना साधारण 50 शब्दांच्या पानावर पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते सध्या बाजूला. स्टोरीविव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळीही दिलेली असते, पण मोबाइलच्या बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. बालभारतीत ल पाकळीचा, श देठाचा. सध्या छापील पुस्तकच बरं.

शिकवणी आत्ता नको. तिथे पुन्हा धडेच पाठ होतील. आठ आठवडे हे नेमाने करून चुकांची यादी तशीच राहिली, तर ती यादी आणि बाईंची नोंद घेऊन अध्ययन अक्षमतेच्या (वाचन-लेखन शिकण्यातल्या अडचणींच्या) तज्ज्ञाकडे जा.