मामांचं मानपत्र

दादा (ऐरोली): सर्वांना सलाम. काल कमिटीची मीटिंग झाली. चर्चची देखभाल करणारे मामा 1994 पासून आहेत, या डिसेंबरला काम सोडतायत. हंगामाच्या सणाला भक्तीनंतर (उपासनेनंतर) चर्चमध्येच सत्कार करायचं ठरलंय. शाल, बुके, मानपत्र. घरामागे 200 रुपये. मानपत्राचा मजकूर आपल्या घराकडे दिलाय. आत्या, तू लिहिशील ना?

वहिनी: आमचे 200 धरा 🙏

मोठे काका (उथळसर): पैसे देतो. पण सत्कार देवाच्या घरात नको असं माझं मत आहे. तिथे गौरव एकाचाच. मामांनी सेवा केली ती प्रभूची. कार्यक्रम हॉलमध्ये करा.

आत्या (चरई): भाऊ, तुझं म्हणणं मला कळतं. पण बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 16 वा अध्याय काढून बघ. एवढी खोल शिकवण सांगून झाल्यावर प्रेषित पौल शेवटी काय करतो? नावं घेतो. किंख्रियाच्या मंडळीची, म्हणजे तिथल्या चर्चची, सेविका फिबी पहिली, मग वीसहून जास्त माणसं. कोणी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, कोणी फार श्रम केले, हे ज्याचं त्याच्या नावासमोर सांगतो. ज्याने पत्र लिहून घेतलं त्या तर्तियसाचाही त्यात सलाम आहे. हे पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं जायचं. मग आपल्या मामांचं नाव व्यासपीठावरून घेतलं तर देवाचा गौरव कसा कमी होईल?

आणि फिलिप्पैकरांस पत्रातला एपफ्रदीत. मंडळीने दिलेली मदत घेऊन पौलाकडे गेला, तिथे आजारी पडून मरायला टेकला. त्याला परत पाठवताना पौल लिहितो, आनंदाने त्याचं स्वागत करा, अशांना मान द्या. ती आज्ञाच आहे.

मोठे काका: हं. वाचतो.

आत्या: मानपत्र मी लिहीन. पण "निष्ठेने व नम्रतेने सेवा केली" एवढंच लिहायचं असेल तर माझ्याच्याने होणार नाही. ते कोणालाही लागू पडतं.

26 जुलै 2005 लिहायचं. मंगळवार होता. मामा कळव्याला घरी निघाले होते, अर्ध्या वाटेतून परत फिरले. चर्चच्या ऑफिसात गुडघाभर पाणी. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या खालच्या कपाटात. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड काढलं, त्यात वह्या बांधल्या, गाठोडं उंच पुलपिटावर, प्रवचनाच्या जागी, ठेवलं आणि रात्रभर तिथेच बसून राहिले. नंतर आठवडाभर पंख्याखाली एकेक पान उलटत होते. पानापानात वर्तमानपत्राचा कागद घालायचा, ओला झाला की बदलायचा. मी डब्बा घेऊन गेले तर म्हणाले, बाई, हात लावू नका, शाई सुटतेय. दादा, तुझा बाप्तिस्मा त्यातल्याच एका पानावर आहे.

दादा: हे मला माहीतच नव्हतं आत्या.

आत्या: कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आपली पेटी वाजवणारी बाई आठवते? पेटीचा भाता तिने दोनदा पदरच्या पैशांनी बदलून घेतला होता. तिच्या मुलाने ते दफनभूमीत सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. माती टाकताना मला फार लाजल्यासारखं झालं. तसं पुन्हा व्हायला नको, म्हणून एवढं लिहितेय.

आता पैशांचं. पौलाच्याच पत्रातलं पहिलं तीमथ्य 5:17 सगळ्यांना पाठ आहे, दुप्पट सन्मान. ते मंडळीच्या वडिलांबद्दल, म्हणजे पुढाऱ्यांबद्दल आहे, खरं. पण 18 वं वचन कोणी वाचत नाही. मळणीच्या बैलाचं तोंड बांधायचं नाही, कामकऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे. मूळ ग्रीक शब्दात मानही आहे आणि मोलही. आपल्याकडे मानधन म्हणतात, त्यातही दोन्ही आहेत. मामांना ना पीएफ, ना पेन्शन. दोन्ही गुडघे गेलेत, तरी रविवारी घंटेच्या दोरीशी उभे असतात. 200 रुपयांत शाल येईल, गुडघे नाही होणार.

वहिनी: आत्या, तुमचं पटलं. आमचे 5000 लिहा. शाल साधी घेऊ, बाकीची रक्कम मामांच्या नावे एफडी करू. दर महिन्याला व्याज खात्यात जमा होईल.

मोठे काका: माझेही 5000. वाचलं मी. भक्तीतच करा, आशीर्वादाच्या आधी.

दादा: कमिटीपुढे ठेवतो. ट्रेझररशी आजच बोलतो. पाळकसाहेब नाही म्हणणार नाहीत.

मी: आत्या, मानपत्रात मामींचंही नाव घाल. नाताळच्या आधी सगळे बाक त्याच पुसतात. त्यांचं नाव काय?

वहिनी: आम्ही मामीच म्हणतो गं.

मोठे काका: मलाही माहीत नाही.

मी: आणि मामांचं पूर्ण नाव?

दादा: व्हाउचरवर आद्याक्षरं आणि आडनाव आहे. पूर्ण नाव बघावं लागेल.

आत्या: बघू नकोस, मीच विचारते. उद्या पाच वाजता कळव्याला जातेय. दोघांचीही नावं त्यांच्याच हाताने कागदावर लिहून आणते, वेलांटी चुकायला नको. कोण येतंय?

मी: मी येते. स्टेशनबाहेर रिक्षाच्या लायनीत थांबते.